कपाशीचा शत्रू, माणसाचा मित्र!

भिलाईच्या माणसाला ऑक्सिजनचे दोन्ही चेहरे ठाऊक आहेत. १९५९ साली तिथली पहिली झोतभट्टी पेटली आणि गावाची ओळखच पोलाद झाली. वितळलेल्या लोखंडात ऑक्सिजनचा झोत सोडला की जादा कार्बन जळून पोलाद बनतं. तेच पोलाद पावसात उघडं पडलं, तर हाच ऑक्सिजन त्याला गंज चढवतो!

सजीवांच्या पेशीतही तसंच. ऑक्सिजनमुळे ऊर्जा मिळते, पण त्याच वेळी काही आक्रमक रेणू तयार होतात आणि पेशीला आतून पोखरतात. शास्त्रज्ञ याला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात. पेशीला चढणारा गंजच म्हणा ना!

गंमत म्हणजे एक बुरशी या संकटात माणसाच्या उपयोगी पडते. तिचं नाव ॲशब्या गॉसिपी. १९२६ साली तिची नोंद झाली ती कपाशीच्या बोंडांवरचा रोग म्हणून. पण ‘बी-टू’ जीवनसत्त्व, म्हणजेच रायबोफ्लेविन, ती इतकं बनवते की स्वतःच पिवळीधमक होते. १९९० पासून जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने तिला कामाला जुंपलं. मोठ्या टाक्यांत वनस्पती तेलावर तिला पोसायचं, हवा खेळती ठेवायची आणि जीवनसत्त्व काढून घ्यायचं.

मद्रासच्या आयआयटीतल्या संशोधकांनी या बुरशीवर मुद्दाम ऑक्सिजनचा ताण आणला. काय झालं? तिने ‘बी-टू’ आणखी वाढवलं! आक्रमक रेणूंना आवरणारं ग्लुटाथिऑन पेशीत पुन्हा ताजंतवानं करायला ‘बी-टू’पासून बनलेला मदतनीस लागतो. म्हणजे बुरशीची ढालच आपलं औषध ठरते. अर्थात, ताण बेतानेच द्यावा लागतो. अती झाला तर बुरशीच मरते.

आपल्या पेशींनाही हीच ढाल लागते. ती कमी पडली की ओठांचे कोपरे फाटतात, जीभ लाल होते. छत्तीसगड भाताचं कोठार, पण पॉलिश केलेल्या तांदळात ‘बी-टू’ फारच थोडं. म्हणून ताटात दूध, दही, अंडी, पालेभाज्या हव्यातच. दुधाची पारदर्शक बाटली मात्र उन्हात ठेवू नका, उजेडाने ‘बी-टू’ नष्ट होतं. आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंतर लघवी पिवळीजर्द झाली तर घाबरू नका. शरीराने जास्तीचं ‘बी-टू’ बाहेर टाकलं, इतकंच!