सीएनजीला मोटरची साथ
सीएनजी गाडी चढावर दमते, ही तक्रार खरी आहे. वायुरूप इंधन सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतं, म्हणून पेट्रोलच्या मानाने ताकद थोडी कमी पडते. विजेची मोटर नेमकी तिथेच कामी येते: चाक फिरू लागताच ती भरपूर जोर लावते. शिवाय ब्रेक मारताना वाया जाणारी बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत येते, आणि तेवढ्याच गॅसवर गाडी जास्त पळते. टोयोटाने २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात अशी कॅमरी मांडली होती. टाक्या स्टेपनीच्या जागी बसवलेल्या. अडचण जागेचीच. सुमारे २०० बार दाबाची टाकी आणि बॅटरी, दोघींनाही डिकीच हवी असते. तरी दिवसभर सिग्नलला थांबत धावणाऱ्या टॅक्सीला ही जोडी मिळायलाच हवी.