घसा मिटतो कुठे?

आमलीहून एका वाचकांनी विचारलंय: स्लीप टेस्टमध्ये तासाला ३४ वेळा श्वास अडतो असं निघालं, झोपेत हवेचा दाब देणाऱ्या मशीनचा मास्क सहन होत नाही, घशाचं ऑपरेशन करून मोकळं व्हावं का?

तिशीच्या पुढचा आकडा तीव्र धरतात. असा त्रास विरळाही नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांच्या २००४ सालच्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना रात्री श्वास अडून दिवसा पेंग येत होती.

मशीनचा जन्मच मुळी ऑपरेशन नाकारणाऱ्या रुग्णामुळे झाला. तेव्हा खात्रीचा इलाज एकच, गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. सिडनीत कॉलिन सलिव्हन यांच्या एका रुग्णाने त्याला साफ नकार दिला. सलिव्हन कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासावर काम करत. कुत्र्यांना लावायच्या मास्कसारखा मास्क माणसाला लावून नाकातून हवेचा दाब दिला तर? जून १९८० मध्ये तो रुग्ण तासन्‌तास गाढ झोपला! पुढच्या मशीनना व्हॅक्यूम क्लीनरची मोटार असे, आणि मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावा लागे.

सलिव्हन यांचा शोधनिबंध १९८१ चा. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या शिरो फुजिता यांनी पडजीभ आणि मऊ टाळूचा काही भाग कापण्याचं ऑपरेशन मांडलं. नाव त्यांचं झालं; जपानमध्ये कितीतरी आधी घोरण्यावर अशीच शस्त्रक्रिया करणारे इकेमात्सु मात्र विस्मरणात गेले.

शहाळ्यातली कागदी स्ट्रॉ मऊ पडली की ओढताच चपटी होते. झोपेत घशाचं तेच होतं. ती खाली चपटी होत असेल, तर वरचं टोक कापून काय उपयोग? १९९६ च्या एका मोठ्या आढाव्यात या ऑपरेशनला जेमतेम ४० टक्के यश दिसलं. त्यात ‘यश’ म्हणजे आकडा किमान निम्मा होऊन विसाच्या आत येणं. आपल्या वाचकांचा ३४ चा १७ झाला तर कागदोपत्री यश, पण आजार मध्यम स्वरूपात शिल्लकच!

म्हणून आधी झोपेचं औषध देऊन दुर्बिणीने घसा कुठे मिटतो ते बघायला सांगा. टॉन्सिल खूप मोठे असतील तर ऑपरेशनची बाजू भक्कम. नाकाचं हाड वाकडं असेल, तर ते सरळ केल्याने आजार सहसा जात नाही, मास्क मात्र सुसह्य होतो. मास्कचा प्रकार आणि दाब बदलून पाहिलात का? वजनही बघा: विस्कॉन्सिनच्या अभ्यासात दहा टक्के घटीमागे आकडा सुमारे २६ टक्के उतरलेला दिसला.

ऑपरेशन झालंच, तर काही महिन्यांनी पुन्हा स्लीप टेस्ट करून घ्या. घोरणं थांबलं म्हणून घरच्यांनी निर्धास्त होऊ नये. टाळूचा आवाज गेला तरी जिभेमागे श्वास अडत राहू शकतो.