लेकरांचे बोल वहीत टिपून ठेवा

"उद्या आत्या आली होती." "चांदोबा आपल्या मागं मागं येतो." तीन-चार वर्षांचे लेकरू असे काही बोलले की घरदार हसते, शेजारी सांगितले जाते आणि आठवड्याभरात सगळे विसरतात. तिसगावच्या वस्त्यांमधल्या आईवडिलांना आमचे सांगणे आहे, की हे बोल वहीत उतरवून ठेवा. लेकराचे कान, बोलणे आणि समज नीट वाढते आहे की नाही, हेही त्या वहीतून कळते.

चूक नव्हे, डोक्याची कमाई

मूल म्हणते, "मी करलं", "बाबा येला". घरात तर सगळे 'केलं', 'आला' म्हणतात. मग ते हे शिकले कुठून? 'बसला', 'पडला', 'हसला' ऐकून त्याने मनाशी नियम बांधला आणि तोच 'ये'ला लावला. काल-उद्याचा घोळही असाच; वेळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो उशिरा सुटतो. अशा वेळी चिडवू नये. "हो, आत्या काल आली होती," असे सहज बरोबर म्हणावे. मूल ऐकून आपोआप सुधारते.

मोठमोठ्या विद्वानांनीही हे काम केले आहे. चार्ल्स डार्विनने आपल्या मुलाच्या वाढीच्या नोंदी ठेवल्या आणि १८७७ साली त्यांवर लेख छापला. वर्षाच्या त्या मुलाने खाण्यासाठी 'मम' हा शब्द स्वतःच काढला होता. आपल्याकडचे 'मंमं' आठवते ना? आपले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी तान्ह्या-लहानग्यांशी बोलायच्या मराठीवर १९६४ साली अभ्यासलेख लिहिला.

वही काय सांगते

साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत "आई, पाणी दे" असे दोन-तीन शब्द जुळतात. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे परक्यालाही कळते. थोडे मागेपुढे होते, पण पुढील गोष्टी दिसल्या तर थांबू नका:

• वर्षाचे झाले तरी 'बाबाबा', 'दादादा' असे आवाज नाहीत, किंवा हाकेला वळत नाही.
• दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही.
• दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही.
• येत असलेले शब्द बंद झाले.
• कान वाहतो.

"याचा बापही उशिरा बोलला होता," म्हणून वाट पाहू नये. ऐकू येत नसेल तर बोलणार कसे? वाहत्या कानात तेल ओतू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि गरजू मुलाला पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवते. ही तपासणी मोफत आहे. पथकाची वाट न पाहता अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातही विचारता येते.

उसाच्या फडावरही वही न्या

पाथर्डी तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. अंगणवाडी सुटते, पथकाची भेट हुकते आणि फडावर मूल बोलते किती, हे बघायला कोणाला सवड नसते. परत आल्यावर डॉक्टर विचारतात, "पहिला शब्द कधी बोलला?" तेव्हा आठवत नाही. वहीत तारीख असेल तर उत्तर तयार असते. माता-बाल संरक्षण कार्डासोबत ही वही एकाच पिशवीत ठेवा.

लिहायचे कसे

दहा रुपयांची वही पुरे. पहिल्या पानावर मुलाची जन्मतारीख. पुढे दर नोंदीला तारीख, ठिकाण, मूल काय बोलले आणि तेव्हा काय चालले होते. 'जय भीम'चे 'दे बीम' झाले तर 'दे बीम'च लिहा. शुद्ध करू नका. आपल्या बोलीतले शब्दही तसेच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. आईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या ताई-दादाने लिहावे, नाहीतर मोबाईलवर आवाज भरून ठेवावा.

पाहुण्यांपुढे मात्र "पुन्हा म्हण बरं" करून मुलाला हसण्याचा विषय करू नका. लाजलेले मूल बोलणे आखडते.

आठवड्याला दोन ओळी झाल्या तरी चालेल. महिनाभर एकही नवा शब्द लिहायला मिळाला नाही, तर वही घेऊन आशाताईंकडे जा.