डिझेलची जुनी गाडी सुरू होईना, तर प्रथम धूर पाहावा

द्रोणागिरीच्या परिसराचे रूप गेल्या अर्धशतकात पालटले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईची उभारणी सुरू झाली आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर कार्यान्वित झाले. तरीही उरण-पनवेल पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या व मच्छीमारांच्या काही घरी जुनी डिझेल जीप किंवा मोटार अद्याप उपयोगात आहे. भाजी पनवेलच्या बाजारी न्यावयाची, करंजाची मासळी वेळेवर पोहोचवावयाची, खताची पोती आणावयाची किंवा रात्री-अपरात्री आजारी माणसास दवाखान्यात न्यावयाचे, या सर्व कामांचा भार तिच्यावर असतो.

अशी गाडी पहाटे सुरू होण्यास कुरकुर करू लागली की "इंजिन बसले, उघडावे लागेल" असा सल्ला लगेच मिळतो आणि खरिपाच्या बी-खतासाठी राखलेला पैसा त्यात खर्ची पडतो. पुष्कळदा दोष मात्र एखाद्या गंजलेल्या तारेत, झिजलेल्या तांब्याच्या वायसरमध्ये किंवा जळालेल्या हीटर प्लगमध्ये असतो. तो घरच्या घरी कसा ओळखावा, याची माहिती ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी करून घेणे हिताचे आहे.

इंजिन पेटते कसे?

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे यात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा दाबून सुमारे विसाव्या हिश्श्याइतकी केली की ती अतिशय तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडताच तो पेटतो. म्हणजे इंजिन सुरू होण्यास चार गोष्टी लागतात : फिरण्याचा पुरेसा वेग, स्वच्छ हवा, वेळेवर पडणारा डिझेलचा फवारा आणि चांगला दाब.

विहिरीवरील इंजिनाला हँडल मारणाऱ्या शेतकऱ्यास यातील पहिली गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे अशी इंजिने गावोगावी पोहोचली. हँडल मारताना प्रथम डिकंप्रेशनचा खटका उचलतात, इंजिनाला गती देतात व मगच खटका सोडतात. गती कमी पडली तर हवा तापत नाही आणि इंजिन पेटत नाही. मोटारीत हेच काम सेल्फ करतो.

थंडीला दोष देऊ नये

डोंगराळ थंड प्रदेशात डिझेल इंजिन थंडीमुळे अडते, हे खरे. द्रोणागिरीच्या परिसरात मात्र हिवाळ्यातही कडाक्याची थंडी पडत नाही. येथे गाडी अडत असेल तर केवळ हवामानाकडे बोट दाखवून चालणार नाही. येथील खरे शत्रू दोन : खाऱ्या वाऱ्याने तारांच्या जोडांवर चढणारा गंज आणि दमट हवेमुळे अर्धवट भरलेल्या टाकीत साचणारे पाणी.

धूर काय सांगतो?

गाडी मोकळ्या जागी उभी करावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत. एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने बाजूस उभे राहून धूर पाहावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि पुढच्या वेळेपूर्वी मिनिटभर थांबावे.

सेल्फच मंद फिरत असेल तर प्रथम बॅटरी पाहावी. सेल्फ जोमाने फिरतो, पण धूर मुळीच नाही, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, परंतु पेटण्याइतकी उष्णता नाही. सुरू होताना काळा धूर येत असेल तर हवेचा फिल्टर तुंबल्याचा किंवा नोझल नीट फवारत नसल्याचा संशय घ्यावा.

तपासणीचा क्रम

१. बॅटरी व तारा : पूर्ण भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर विश्रांतीच्या वेळी सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. सेल्फ मारताना हा आकडा दहाच्या बराच खाली जात असेल तर बॅटरी अशक्त आहे. बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद असेल तर टर्मिनल काढून घासावेत, आणि बॅटरीची अर्थची तार चेसिसला व इंजिनला जेथे जोडलेली असते ते जोडही स्वच्छ करावेत.

२. डिझेलची वाट : फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व स्थिर ठेवावे. पाणी असल्यास ते तळाशी बसते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी अडते, पण दिवसा लगेच सुरू होते, तेव्हा नळीत हवा शिरून डिझेल मागे टाकीत उतरत असण्याचा संभव असतो. याची सोपी परीक्षा अशी : सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी फिल्टरजवळील हातपंप कडक होईपर्यंत दाबावा. त्यानंतर गाडी चटकन सुरू झाली तर हवा शिरण्याची जागा शोधावी. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळ्या, क्लिपा व तांब्याचे वायसर पाहावेत. दोष दूर केल्यावर प्रथम फिल्टरवरील व नंतर पंपावरील स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. काही पंपांवर डिझेल सोडणारा विजेचा सोलेनॉइड असतो. किल्ली फिरवताच त्याचा 'टिक्' आवाज आला पाहिजे.

३. हीटर प्लग : अॅम्बॅसडरसारख्या ज्या इंजिनांत डिझेल प्रथम लहान कोठडीत पेटते, त्यांना हे प्लग लागतात. थेट फवाऱ्याच्या काही जीप व ट्रॅक्टर इंजिनांत ते नसतात. प्लग एका टोकाचे असल्यास त्यांची जोडपट्टी काढावी, बारा व्होल्टच्या चाचणी-दिव्याचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला व दुसरे प्लगच्या शेंड्याला लावावे. दिवा लागला नाही तर तो प्लग निकामी समजावा. सर्व प्लग ठीक असतील तर त्यांच्यापर्यंत वीज येते का, हे रिले व फ्यूज पाहून ठरवावे. गाडी सुरू होऊन काही क्षण लंगडत चालते, पांढरा धूर सोडते व मग सुधारते, हे एखादा प्लग गेल्याचे सामान्य लक्षण आहे.

४. दाब : वरील सर्व काही ठीक असेल तरच दाबाचा विचार करावा. प्रथम इंजिनाच्या पुस्तिकेनुसार टॅपेटची फट मोजावी, कारण फट कमी असल्यास वाल्व्ह पूर्ण बसत नाही. त्यानंतर मेकॅनिककडून डिझेल इंजिनाच्या दाबमापकाने प्रत्येक सिलिंडर तपासून घ्यावा. पेट्रोल इंजिनाचा मापक येथे चालत नाही. मापकाचा आकडा पाहिल्यावाचून इंजिन उघडण्यास संमती देऊ नये.

हे कटाक्षाने टाळावे

हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटून पिस्टनची हानी होते. चेंबरखाली बोळा पेटवू नये. बंद पडवीत इंजिन चालवू नये, कारण धुरातील वायू प्राणघातक असतो. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. तो त्वचा भेदून आत शिरतो आणि जखम क्षुल्लक दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे लागते. नव्या, संगणक-नियंत्रित कॉमन रेल इंजिनांना ही माहिती लागू नाही. त्यांच्या उच्चदाबाच्या नळ्यांना हात लावू नये.

थोडी निगा, मोठी बचत

पावसाळ्यात संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्री दमट हवेला जागा राहत नाही. फिल्टरमधील पाणी नियमित काढावे, हवेचा फिल्टर स्वच्छ ठेवावा आणि टर्मिनलांना ग्रीस लावावे. ग्रामसेवकांना गावातील तरुणांसमोर या चार तपासण्या एका सकाळी करून दाखवता येतील. एक पान्यांचा संच, एक चाचणी-दिवा, एक व्होल्टमापक व फट मोजण्याची पाती एवढ्या साहित्यावर ते काम होते.

प्रत्येक गाडीमागे एक वही ठेवावी. कोणत्या दिवशी गाडी अडली, धूर कसा होता, काय बदलले, हे तीत लिहावे. मेकॅनिककडे जाण्याची वेळ आलीच, तर अशी वही घेऊन जाणाऱ्या मालकास नेमका दोष दाखवता येतो आणि अनावश्यक खर्चास नकारही देता येतो.