आपत्तीच्या काळातील स्त्रिया व बालकांचे लिंगभावाधारित हिंसेपासून संरक्षण : मराठवाड्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भूकंप, महापूर, अवर्षण किंवा साथीचा रोग यांपैकी कोणतीही आपत्ती कोसळली की शासनयंत्रणा प्रथम पंचनामे हाती घेते. मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांची ही माहिती छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील विभागीय आयुक्त कार्यालयात एकत्रित होते. पडझड झालेली घरे, दगावलेली जनावरे, खरडून गेलेली जमीन आणि मृत व्यक्ती यांची नोंद त्यात होते. आपत्तीनंतर स्त्रियांच्या व बालकांच्या वाट्याला येणाऱ्या हिंसेची नोंद मात्र होत नाही. ती झाली तरी पोलीस ठाण्यातील एक स्वतंत्र गुन्हा म्हणून होते. आपत्तीचा परिणाम म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील काही अनुभवांच्या आधारे या उणिवेचा विचार केला आहे.

संकल्पना व आंतरराष्ट्रीय मानके

लिंगभावाधारित हिंसा म्हणजे केवळ बलात्कार किंवा विनयभंग नव्हे. कौटुंबिक मारहाण, बालविवाह, मानवी व्यापार, मदतीच्या बदल्यात होणारे लैंगिक शोषण आणि स्त्रीच्या शरीराविषयीचे निर्णय तिच्यावर लादणे या सर्वांचा तीत समावेश होतो. ही हिंसा आपत्तीमुळे निर्माण होत नाही. ती समाजात आधीपासूनच असते. आपत्ती तिच्यावरील निर्बंध सैल करते. घराच्या भिंती जातात, शेजार तुटतो, शाळा बंद पडते, पुरुषाचा रोजगार थांबतो आणि तक्रार करण्याची नेहमीची ठिकाणे दूर जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्था व अन्य मानवतावादी संघटना यांच्या आंतर-संस्था स्थायी समितीने २००५ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या व २०१५ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. त्यांतील एक तत्त्व विशेष महत्त्वाचे आहे. कोणत्याही आपत्तीत अशी हिंसा घडत आहे असे गृहीत धरूनच मदतकार्याची आखणी करावी. आकडेवारी किंवा तक्रारी हाती येण्याची वाट पाहू नये. ‘अद्याप एकही तक्रार प्राप्त झालेली नाही’ हे आपल्याकडील परिचित उत्तर या तत्त्वापुढे टिकत नाही. तक्रार नसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नसून अनेकदा तक्रारीची वाटच नसल्याचे ते लक्षण असते.

याच विचाराला ‘स्फिअर’ या मानकांनी मोजता येण्याजोगे रूप दिले आहे. निवारा केंद्रात साधारणपणे २० व्यक्तींमागे एक शौचालय असावे, स्त्रियांची शौचालये पुरुषांच्या तिप्पट असावीत, त्यांना आतून कडी असावी, वाटेवर उजेड असावा, पाण्याचे ठिकाण ५०० मीटरपेक्षा दूर नसावे अशी ही मानके आहेत. वरवर पाहता ही बांधकाम विभागाची बाब वाटते. वस्तुतः अंधारात दूर जावे लागणाऱ्या स्त्रीचे संरक्षण पोलिसांच्या गस्तीपेक्षा या कडीवर व दिव्यावर अधिक अवलंबून असते.

किल्लारीचा अनुभव

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात आठ ते दहा हजार व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट होती. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबविण्यात आला व ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घराचे आकारमान कुटुंबाच्या जमीनधारणेवर ठरविण्यात आले : भूमिहीनांना २५० चौरस फूट, मध्यम धारकांना ४०० आणि मोठ्या धारकांना ७५० चौरस फूट. मदतीचे एकक कुटुंब होते. कुटुंबाच्या आत कोणाचे काय चालते, हा प्रश्न या रचनेत उपस्थितच होत नव्हता.

जुन्या गावांतील दाटीची वस्ती, लागून असलेले वाडे आणि एकमेकींच्या हाकेच्या अंतरावरील अंगणे नव्या आखीव गावांत राहिली नाहीत. रुंद रस्ते आणि सुटी घरे आरोग्याच्या व सुरक्षित बांधकामाच्या दृष्टीने योग्यच होती. तथापि हाक मारली असता ऐकू जाणारे शेजारघर हेही स्त्रीचे एक संरक्षण असते, याची गणना नियोजनात झाली नाही.

किल्लारीने एक वेगळा धडाही दिला. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही तेथील घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कामात, स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने, गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली. अनुदानाची माहिती घरोघरी देणे, कामावर लक्ष ठेवणे, अभियंत्याशी बोलणे ही कामे त्यांनी केली. या योजनेचा उद्देश हिंसाप्रतिबंध नव्हता. परंतु अधिकाऱ्यासमोर उभे राहून बोलणारी स्त्री गावात असणे ही तक्रारीची पहिली पायरी होय. २००१ च्या भूकंपानंतर यांतील स्त्रिया आपला अनुभव सांगण्यासाठी कच्छमध्ये गेल्या होत्या.

बालकांच्या बाबतीतही समाजाने तत्परता दाखविली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात नेले, तर राष्ट्र सेवा दलाने अनाथ मुलांसाठी नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभारले. आपत्तीनंतरच्या गोंधळात अनाथ मूल कोणाच्या हाती जाते यावर त्याचे पुढील सारे आयुष्य ठरते. म्हणून या कामाचे मोल केवळ शैक्षणिक नाही.

दुष्काळ आणि स्थलांतर : न मोजलेली आपत्ती

भूकंप काही सेकंदांत होतो, म्हणून तो आपत्ती म्हणून चटकन ओळखला जातो. दुष्काळाचे तसे नाही. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत मराठवाड्यात टँकर, चारा छावण्या आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे यांची चर्चा झाली. जनावरांच्या छावणीत किती पेंढ्या चारा द्यायचा याचे निकष ठरलेले होते. पाण्यासाठी शाळा सोडणाऱ्या मुलीसाठी निकष नव्हता.

या दुष्काळी पट्ट्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल जोडीच्या श्रमावर दिली जाते; व्यवहार मात्र बहुधा पुरुषाशी होतो. म्हणजे कर्ज पतीच्या हातात आणि फेड दोघांच्या अंगावर. स्त्री काम सोडून गेली तर उचल फिटत नाही. म्हणून मारहाण झाली, मुकादमाने अथवा अन्य कोणी त्रास दिला तरी ती टोळी सोडू शकत नाही. कोपीला दार नसते, फडाजवळ शौचालय नसते, भल्या पहाटे काम सुरू होते. निवारा केंद्रासाठी सांगितलेले जवळजवळ प्रत्येक मानक येथे दरवर्षी पाच-सहा महिने मोडले जाते; केवळ या वस्तीला निवारा केंद्र म्हणत नाहीत एवढाच फरक आहे.

यातूनच गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उद्भवला. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी तो लावून धरला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीसमोर आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातील सर्वेक्षित ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. हे प्रमाण सहा स्त्रियांमागे एक असे पडते. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, अस्वच्छतेमुळे होणारे आजार, आणि त्यावर खासगी दवाखान्यात सुचविलेला कायमचा उपाय, अशी ही साखळी आहे. तीत एकच गुन्हेगार दाखविता येत नाही. म्हणून तिला हिंसा म्हणण्यास अनेकांचा संकोच होतो. तो संकोच सोडणे आवश्यक आहे.

मुलींच्या बाबतीत पेच अधिक कठीण आहे. वयात आलेली मुलगी गावी वृद्ध आजीजवळ ठेवली तर भीती, फडावर नेली तर भीती. मग हंगामापूर्वी लग्न उरकले की जबाबदारी संपते आणि नवा कोयताही तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठराव्या वर्षापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. बीडमध्ये ते सुमारे ४४ आणि परभणीत ४८ टक्के होते. पालकांच्या अज्ञानाकडे बोट दाखवून हे आकडे समजत नाहीत. पालक आपल्या परीने मुलीचे संरक्षणच करीत असतात. त्यांच्यासमोरचे पर्यायच वाईट असतात. हंगामी वसतिगृहे आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना यांचे खरे महत्त्व या ठिकाणी आहे. वसतिगृह दिवाळीनंतर उशिरा सुरू झाले तर त्या वर्षापुरता निर्णय होऊन गेलेला असतो.

२०२० च्या टाळेबंदीत या दोन्ही आपत्ती एकत्र आल्या. कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या मजुरांना एप्रिलमध्ये गावी परतण्याची परवानगी मिळाली. पण शाळा व वसतिगृहे बंद होती. मोजक्या पाहुण्यांत लग्न लावण्याचा नियम बालविवाहाला सोयीचा ठरला.

कायदा आणि त्याच्या सीमा

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ मध्ये मदतीच्या किमान मानकांत विधवा व अनाथ यांच्यासाठी विशेष तरतुदी असाव्यात असे म्हटले आहे. परित्यक्ता, किंवा मारहाण करणाऱ्या पतीसोबतच निवारा केंद्रात राहावी लागणारी स्त्री, यांचा तेथे निर्देश नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये जातीय किंवा सांप्रदायिक हिंसाचाराच्या काळातील बलात्कार हा अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा मानला आहे. नैसर्गिक आपत्तीच्या काळाचा तसा उल्लेख नाही.

तरीही उपलब्ध तरतुदी थोड्या नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात माहिती नोंदविता येते. केजची स्त्री कोल्हापूर जिल्ह्यात फडावर असताना हे कलम तिच्यासाठी निर्णायक ठरू शकते. बलात्कारपीडितेवर प्रथमोपचार व उपचार विनामूल्य करणे शासकीय व खासगी अशा दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. त्यामुळे पूर आल्याने रस्ता बंद असणे ही येथे केवळ वाहतुकीची अडचण राहत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमण्याची तरतूद केली असून असंघटित क्षेत्रातील स्त्री, म्हणजे ऊसतोड कामगारही, तिच्याकडे जाऊ शकते.

अडचण हद्दीची आहे. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी गावात ग्रामसेवक असतो (२०२४ मध्ये या पदाचे नामांतर ग्रामपंचायत अधिकारी असे झाले). तो आपल्या गावापुरता जबाबदार असतो. अंगणवाडी सेविकेची नोंदवही, शाळेचा पट, शिधापत्रिका ही सर्व साधने गावाशी बांधलेली आहेत. कुटुंब ट्रॅक्टरमध्ये बसले की यांतील बरीच साधने मागे राहतात. ज्या तालुक्यात ते उतरते तेथील यंत्रणेला ते आपल्या यादीत नसलेले दिसते, आणि मूळ तालुक्यात ते ‘बाहेरगावी’ असते.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील अनेक गावांत लोकांना शाळा व मंगल कार्यालयांत हलवावे लागले. शाळेचे शौचालय मुलांच्या संख्येनुसार बांधलेले असते आणि संध्याकाळी ते बंद करण्याची सवय असते. निवारा म्हणून निश्चित केलेल्या शाळांत स्त्रियांची शौचालये, आतील कड्या, दिवे व स्वतंत्र खोली यांची पाहणी मान्सूनपूर्व आढावा बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेण्यास नव्या कायद्याची गरज नाही. ऊसतोडीच्या बाबतीत प्रारंभ याहून साधा आहे : दिवाळीपूर्वी ग्रामपंचायतीने जाणाऱ्या कुटुंबांची, त्यांतील मुलींच्या वयांसह, यादी करावी, ती ज्या कारखान्याकडे टोळी जाणार त्या तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे व पोलीस ठाण्याकडे पाठवावी, आणि टोळीतील एका स्त्रीजवळ ११२, १८१ व १०९८ हे क्रमांक असलेला, तिच्या स्वतःच्या ताब्यातील फोन असावा.