दिवस मावला तेवढा

व्हिडिओ ब्लॉगिंगचा मागोवा घ्यायचा म्हटलं की लोक माणसांची नावं घेतात. पहिला अमुक, सगळ्यांत मोठा तमुक. मी वस्तूंची घेईन. आम्ही रोजचं आयुष्य टिपतो असं म्हणत आलो खरं, पण त्यातलं कोणत्या खोलीतलं टिपायचं, किती वाजताचं, किती मिनिटांचं, हे आमच्यापेक्षा बॅटरीनं, मेमरी कार्डानं, वायरच्या लांबीनं आणि इंटरनेटच्या भावानं जास्त ठरवलं. पुण्यात २००९ मध्ये मी हा उद्योग सुरू केला तेव्हा चॅनल लहान होतं, आजही लहानच आहे. घर, बाजार आणि हाती लागलेली यंत्रं, एवढाच विषय. पण इतकी वर्षं एकाच गोष्टीला चिकटून राहिलं की त्या गोष्टीच्या पोटातलं यंत्र दिसायला लागतं.

माझ्याआधीच्या लोकांचंही वेगळं नव्हतं. १९९६ मध्ये जेनिफर रिंगली या अमेरिकन विद्यार्थिनीनं होस्टेलच्या खोलीत वेबकॅम लावला आणि तो चालूच ठेवला. दर काही मिनिटांनी एक स्थिर चित्र, त्यापलीकडे त्या काळच्या मोडेमची धाव नव्हती. म्हणून तिचं आयुष्य जगाला फोटोंच्या तुकड्यांत दिसलं, तेही आवाजाशिवाय. २३ एप्रिल २००५ ला यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. त्यात जावेद करीम सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडेबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि १९ सेकंदांत विषय संपतो. काही घडत नाही, पण कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं. पुढच्या वीस वर्षांतल्या बहुतेक व्हिडिओंना यापेक्षा जास्त काही जमलेलं नाही, आणि मी त्यात माझेही धरतो.

माझा पहिला कॅमेरा फोटोंसाठी घेतलेला. व्हिडिओ ६४० बाय ४८०, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की झूम जागेवर गोठायचा. लांबचं काही दाखवायची सोय नाही म्हणून मी जवळ उभा राहायचो. त्या दोन-तीन वर्षांतलं माझं सगळं काम म्हणजे एक चेहरा, मागे भिंत आणि भिंतीवर कालनिर्णय. लांबीचं बंधन वरूनच होतं. यूट्यूबनं २००६ मध्ये दहा मिनिटांची मर्यादा घातली होती, ती २०१० मध्ये पंधरावर गेली. आम्हाला त्या मर्यादेची अडचण कधी आलीच नाही, कारण दहा मिनिटांची फाइल वर चढवणार कोण?

बीएसएनएलच्या तेव्हाच्या लोकप्रिय ब्रॉडबँड प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापरलेला डेटा मोजला जात नसे. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना दोनचा गजर आठवत असेल. दिवसभर शूटिंग, संध्याकाळी एडिटिंग आणि मध्यरात्रीनंतर अपलोड. वर चढवण्याचा वेग इतका कमी, की शंभर एमबीला तासभर सहज लागायचा, आणि मध्येच लाइन गेली तर पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे व्हिडिओ चार मिनिटांचा करायचा की सहा, हा प्रश्न कलेचा नव्हता, झोपेचा होता. ‘नेमकं बोलतोस’ अशी दाद मला तेव्हा मिळायची. नेमकेपणाचं श्रेय त्या तांब्याच्या तारेला द्यायला हवं.

त्याच सुमारास अमेरिकेत फ्लिप नावाचा छोटा कॅमेरा घरोघरी गेला होता. एक लाल बटण, अंगातूनच बाहेर येणारा यूएसबीचा दांडा, बाकी काही नाही. न्यू जर्सीतल्या आतेबहिणीनं सुट्टीत येताना तो आणला आणि जाताना इथेच ठेवून गेली. शूटिंगसाठी याच्याहून शहाणं यंत्र मी नंतर वापरलेलं नाही. सिस्कोनं २००९ मध्ये ती कंपनी ५९ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०११ मध्ये धंदा बंद करून टाकला. तोवर फोनमध्ये बरे कॅमेरे आलेच होते, त्यामुळे रडायला कुणी नव्हतं.

डीएसएलआरचं पर्व मी थोडक्यात उरकतो, कारण ते माझं नव्हतं. कॅननचा ७०डी २०१३ मध्ये आला. त्याची स्क्रीन वळवून स्वतःकडे करता यायची आणि हलत्या चेहऱ्यावरचा फोकस सुटत नसे. न्यूयॉर्कच्या केसी नाइस्टॅटनं तसला कॅमेरा वाकड्या पायांच्या तिवईवर धरून मार्च २०१५ पासून रोज एक व्हिडिओ काढायला घेतला, आणि जगभरची पोरं हात लांब करून चालत बोलायला लागली. पुण्यातही लागली. आपल्याकडच्या फुटपाथवर एक तर लेन्सकडे बघता येतं नाही तर पायाखाली. दोन्ही जमत नाही. मी घरातच राहिलो.

घरात मला अडवलं ते आवाजानं. चित्र वाईट असलं तर लोक सोसतात, आवाज वाईट असला की उठून जातात, हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण, आणि ते सगळ्यांना उशिरा येतं. एप्रिलमध्ये पंखा बंद करून बोलायचं, कारण कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक माणसाआधी पंखा ऐकतो. शेजारचा मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी, गणपतीत तर विषयच सोडा. माझे त्या काळातले बहुतेक व्हिडिओ दुपारी अडीच ते चारमधले आहेत, आणि त्यामागे एकच कारण: पेठेत तेवढाच वेळ शांतता असते. बघणाऱ्याला वाटावं, या घरात कायम दुपारच असते.

मग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन कॉलर माइक आणला. बोयाचा बीवाय-एम१, भारतातल्या निम्म्याअधिक नवशिक्यांनी सुरुवात त्यावरच केली असेल. हजाराच्या आत मिळायचा, आणि वायर सहा मीटरची. दीड खोलीच्या घरात सहा मीटर वायर म्हणजे ती पंख्याच्या स्विचपासून गॅसच्या ओट्यापर्यंत जाऊन परत येते. पण त्या वायरनं एक काम केलं, जे आधीच्या कुठल्याही कॅमेऱ्याला जमलं नव्हतं: आई व्हिडिओत आली. म्हणजे दिसायची ती आधीपासून, मागे, पोळ्या लाटताना. आता तिचं बोलणं येऊ लागलं.

त्यातही शिकण्यासारखं बरंच निघालं. माइक शर्टच्या कॉलरसाठी बनवलेला, साडीला कॉलर कुठे? पदराला लावला की प्रत्येक हालचालीला खसखस. खाली लावला की मंगळसूत्र त्यावर आपटतं आणि हेडफोन लावलेल्या माणसाच्या कानात दगड पडल्यासारखा आवाज जातो. बांगड्यांचं तर पीठ मळताना काही करताच येत नाही. शेवटी ब्लाउजच्या खांद्याजवळ, पदराच्या विरुद्ध बाजूला तो बसला. हे कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. आई बोलायला लागल्यावर माझंही बोलणं बदललं. तोवर मी निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी असं कुणासाठी तरी बोलत होतो. ती मात्र ‘हे काय, याचं झाकण नीट लागत नाही’ असं सरळ त्या वस्तूशीच बोलायची.

यंत्रांबद्दल बोलणाऱ्यांची खरी गरज कशानं निर्माण केली, तर ऑनलाइन विक्रीनं. पूर्वी मोबाइल घ्यायचा तर लक्ष्मी रोडवरच्या दुकानात जाऊन हातात घेऊन बघता यायचा. २०१४ मध्ये मोटो जी आला तो फक्त फ्लिपकार्टवर, आणि त्याच जुलैत शाओमीचा एमआय ३ फ्लॅश सेलमध्ये १३,९९९ रुपयांना विकला जाऊ लागला, काही सेकंदांत संपायचाही. वस्तू दुकानात नाही, हात लावायची सोय नाही, आणि निर्णय घ्यायला वेळ नाही. अशा वेळी कुणीतरी खोकं उघडून दाखवणं ही चैन नव्हती, दुकानदाराचं काम होतं. अनबॉक्सिंगला नावं ठेवणारे हे विसरतात. ते काम नंतर बिघडलं ही गोष्ट वेगळी.

बिघडलं ते दोन बाजूंनी. एक म्हणजे वेळ. यूट्यूबनं २०१२ मध्ये किती जणांनी पाहिलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. त्यात दहा मिनिटांवरच्या व्हिडिओच्या मध्ये जाहिराती घालता यायच्या. मग सगळ्यांचा चहा दहा मिनिटं उकळू लागला. १० मिनिटं आणि काही सेकंद अशा लांबीचे व्हिडिओ तेव्हा जिकडेतिकडे दिसायचे. जुलै २०२० मध्ये ती अट आठ मिनिटांवर आली आणि लोकांचा दिवस एका रात्रीत दोन मिनिटांनी आखूड झाला. २०१८ मध्ये कमाईसाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांची अट आली. माझी कमाई इतकी किरकोळ होती, की मला त्यानं फरक पडला नाही.

दुसरी बाजू फुकट मिळालेल्या वस्तूंची. जाहिरात असेल तर तशी पाटी लावा, असा नियम एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या संस्थेनं १४ जून २०२१ पासून लागू केला. पण वळण लावलं ते आयकर खात्यानं. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर लागू झालं: धंद्यातून मिळालेला लाभ वर्षात वीस हजारांवर गेला तर दहा टक्के टीडीएस. खात्यानं परिपत्रकात स्पष्ट केलं, की समाजमाध्यमावरच्या माणसानं कंपनीचा मोबाइल वापरून परत केला तर तो लाभ नाही, ठेवून घेतला तर लाभ. ‘मी निष्पक्ष आहे’ असं कॅमेऱ्याकडे बघून सांगण्यापेक्षा वस्तू परत केल्याची पावती जास्त बोलकी, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. तसंही पहिल्या दिवसाचं परीक्षण मला कधी पटलं नाही. मिक्सरबद्दल बोलायचं तर एक दिवाळी त्यावर भाजणी दळून झालेली असावी. वॉटर प्युरिफायरबद्दल बोलायचं तर एकदा फिल्टर बदलून, त्याचे पैसे देऊन झालेले असावेत.

या सगळ्यात ५ सप्टेंबर २०१६ ही तारीख वेगळी काढून ठेवावी लागते. त्याआधी एक जीबी मोबाइल डेटाला सुमारे अडीचशे रुपये पडत. त्या दिवशी सुरू झालेल्या जिओनं काही महिने तो फुकट दिला, आणि आमची मक्तेदारी संपली. तोवर कॅमेऱ्यासमोर बोलणारे बहुतेक शहरातले, स्वतःचं ब्रॉडबँड असलेले. आता शेतावरच्या बांधावरून लोक थेट व्हिडिओ चढवायला लागले. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजी नातवाला हाताशी धरून ‘आपली आजी’ चॅनलवर स्वयंपाक दाखवू लागल्या आणि पाहता पाहता लाखोंच्या झाल्या. माझ्या कालनिर्णयापुढच्या चेहऱ्यापेक्षा ते किती तरी चांगलं होतं, हे मान्य करायला मला वेळ लागला नाही. त्यांच्या घरात उजेडच भरपूर होता.

मग २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सची चाचणी भारतापासूनच सुरू केली. पडदा उभा झाला. तक्रार नाही, पण अडचण सांगतो: आपला ओटा आडवा असतो. उभ्या चौकटीत गॅस येतो तर सिंक जातं, सिंक येतं तर मसाल्याचा डबा जातो. फोडणी दाखवायची की चिरणं, हे आधी ठरवावं लागतं. एका चित्रात पूर्ण स्वयंपाकघर आता येतच नाही. उलट फ्रीज, गीझर, उभी वॉशिंग मशीन या वस्तू मात्र छान बसतात. माझ्या चॅनलवर हल्ली फ्रीजबद्दल फार बोललं जातं, ते का, हे कळलं असेल.

आता माइकला वायर नाही. एवढासा चौकोन, पदराला लावला तरी कळत नाही. पूर्वी मी तिवई उभी करायला लागलो की आई केस सारखे करायची. आता तिवईकडे ती बघतही नाही. खांद्याशी हात नेऊन चाचपते आणि विचारते, ‘हे चालू नाहीये ना? मग सांगते, तुझा तो एअर फ्रायर कसा आहे ते.’