साईज तीच, पण टायर तोच नाही!

टायरच्या दुकानात होणारी एक महागडी चूक आज समजून घेऊ.

समजा, पोर्शे ९११ आली. साईज जुळली, टायरचं नाव जुळलं, आपण मागच्या दोन टायरची ऑर्डर टाकली. माल आल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, “जुन्यावर ‘एन१’ आहे, यावर काहीच नाही!” झालं, पैसे अडकले.

ही खूण म्हणजे गाडीच्या कंपनीने तपासून दिलेली मंजुरी. नाव तेच असलं तरी रबराचं मिश्रण, आतली बांधणी वेगळी असू शकते. पोर्शेसाठी ‘एन’ आणि आकडा, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’.

आता ‘एन’पुढचा आकडा. तो दर्जा नव्हे, आवृत्ती सांगतो. एन० म्हणजे त्या टायरची पहिली मंजूर आवृत्ती, एन१ दुसरी. एका गाडीत दोन्ही मिसळू नका, पोर्शेच तसं सांगते.

म्हणून भाव सांगण्याआधी चारही टायरच्या बाजूचे फोटो काढा आणि ऑर्डरमध्ये, बिलावर खूण लिहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडेच येईल.